सतरा नंबरची पट्टी

मालक नावं दोन तऱ्हांनी शिवायचे. ज्याचा भरवसा वाटे त्याला पक्का टाका, ज्याचा वाटत नसे त्याला कच्चा. आधी टाका सांगते, मग माणूस सांगते, कारण मलाही तो माणूस टाक्यावरूनच कळला. तोही उशिरा.

दुकान अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयपासून दक्षिणेला थोडं खाली, एका न्हाव्याच्या दुकानाला लागून होतं. पुढे काउंटर, त्यावर दिवसभर उकळून काळी पडलेली कॉफी, मागे तीन शिलाई मशिनं. खेळाडूंचे कपडे शिवणं, फाटलेलं सांधणं, नावं आणि नंबर लावणं हा धंदा. डेट्रॉइटच्या मोठ्या आईस हॉकी टीमचे शर्टही आमच्याकडेच यायचे. बर्फावर स्केट घालून खेळतात ती हॉकी. आपल्याकडच्या हॉकीशी तिचं काठीपुरतंच नातं. त्या शर्टाच्या पाठीवर खाली नंबर असतो आणि वर खांद्यांच्या मधे नाव. नाव थेट शर्टावर नसतं बरं का. आधी एका पट्टीवर अक्षरं शिवायची आणि मग ती पट्टी शर्टाला लावायची. कारण त्या काळी शर्ट टीमचा असे आणि माणूस बदलत असे. एक गेला की त्याची पट्टी काढायची, दुसऱ्याची लावायची. शर्ट तोच.

पट्टीवरची अक्षरं मालक सगळ्यांचीच पक्की शिवत. पण पट्टी शर्टाला लावताना हात थांबायचा. कप्तान, पहिला गोलकीपर, म्हणजे तिथल्या बोलीत गोली, आणि बचावातला एक दात पडलेला म्हातारा खेळाडू, यांना मशिनचा दाट, दुहेरी टाका. बाकी सगळ्यांना हाताने लांब लांब धावदोरा. एक दोरा ओढला की पट्टी हातात.

ही गोष्ट आमच्या गिऱ्हाइकांना ठाऊक होती. चाहते स्वतःसाठी आवडत्या खेळाडूच्या नावाचा शर्ट करून घ्यायचे, आणि घरी जाऊन आधी पट्टी उचकून टाका बघायचे. एकदा एक बाई तणतणत आली. "मालक, दोनदा धुतला आणि नाव लोंबायला लागलं!"

मालकांनी मशिनवरून मान वर केली नाही. "बरोबर आहे. ख्रिसमसपासून तो स्वतःच लोंबतोय."

मी तिथे कशी पोचले ते सांगायला हवं. हे कोल्हापूरला उद्यमनगरात डाय, म्हणजे यंत्राचे साचे, बनवायचे. हात चांगला म्हणून इथे मोटारीच्या कारखान्यात बोलावणं आलं, आणि मी मॅट्रिक नापास बाई यांच्यामागून विमानात बसले. ऐंशीनंतर मोटारींचा धंदा बसला. यांचं काम कधी चार दिवस, कधी तीन दिवस व्हायला लागलं. म्हणून मी काम शोधायला निघाले. शिवण मला कोणी शिकवलं नव्हतं. आईचे जुने ब्लाउज उसवून उसवून मी शिकले. उसवल्याशिवाय शिवलंय कसं ते कळत नाही. मालकांनी परीक्षा म्हणून माझ्यापुढे एक फाटका शर्ट टाकला, तेव्हा मी सुईच्या आधी उसवणी मागितली. त्यांनी एका चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सोमवारी या, मिसेस." शेवटपर्यंत मी मिसेसच राहिले.

आमच्या मराठी मंडळात सगळ्या डॉक्टरांच्या नि इंजिनिअरांच्या बायका. एकीने संक्रांतीच्या हळदीकुंकवात सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो वहिनी, हॉकीवाल्यांचे घामट शर्ट शिवता म्हणे?"

"हो ना," मी म्हटलं. "तुमच्या डॉक्टरसाहेबांना घाम येत नाही वाटतं."

पण ते घामट होते हे खरंच होतं, आणि त्यात मालकांचा हट्ट होता. दुरुस्तीचे शर्ट न धुता आले पाहिजेत! टीमचे कपडे सांभाळणारा माणूस मॅचच्या दुसऱ्या दिवशी पिशवी आणून टाकायचा आणि नाक धरून पळायचा. मालक एकेक शर्ट उजेडात धरत. या माणसाने उभ्या आयुष्यात एकही मॅच मैदानावर जाऊन बघितली नव्हती. टीव्हीवरही नाही. रेडिओ लावत तोही भिंतीकडे तोंड करून. पण कोणाचा खेळ कसा चाललाय ते त्यांना शर्ट सांगायचा. कोपराला काळा डाग नाही, म्हणजे हा पक, ती रबरी चकती, मिळवायला कडेच्या भिंतीशी कोपऱ्यात घुसलाच नाही. पाठीवर काठीचे वळ, म्हणजे गोलीसमोर पाय रोवून उभा राहिला. घाम नुसता काखेत, म्हणजे बाकावर बसून होता. डॉक्टर जीभ बघतात तसं ते बाही बघायचे.

खेळाडूंना ते नंबरानेच ओळखत. नाव कधी घेत नसत. शिवून शिवून कंटाळा आला असेल, असं मला आधी वाटायचं.

सकाळी अकराला ते एक उकडलेलं अंडं खात, आणि त्याच वेळेला काउंटरपाशी सभा भरे. शेजारचा न्हावी यायचा, कारण थंडीत कोण केस कापतो? आणि त्या भागाचा पोस्टमन यायचा, टपालाची पिशवी खांद्यावरून न काढता. म्हणजे आपण थांबलेलो नाही, असं त्याचं म्हणणं. जानेवारी हा त्या सभेचा खरा महिना. मोसम अर्धा झालेला, टीम घसरत चाललेली आणि बाहेर कमरेएवढा बर्फ.

"पुन्हा हरले!" पोस्टमन दारातूनच सुरू. "गोली उभ्याउभ्या झोपतो, मी सांगतो तुम्हाला."

"गोलीने काय करावं?" न्हावी म्हणे. "त्याच्या पुढचे दोघे दार उघडून उभे असतात. या, बसा, पाणी घेणार का?"

"दुसरी फळी मोडायला पाहिजे. तो स्वीडनचा आणा मधे."

"तो? तो भितो."

"स्वीडनचा माणूस बर्फाला भितो?"

"बर्फाला नाही रे, भिंतीला. कोणी अंगावर आला की डोळे मिटतो."

दोघे मालकांकडे बघत. मालक अंड्यावर मीठ टाकत म्हणत, "अकरा नंबर. कोपर स्वच्छ." झालं, स्वीडनच्या माणसाचा निकाल लागला.

"मग आता करायचं काय, मालक?"

"मार्चमध्ये बघू."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मार्चमध्ये टीमांमधली खेळाडूंची अदलाबदल बंद व्हायची. तोवर यादीत टिकला तो त्या वर्षापुरता टिकला. त्याआधी कोणाचंच काही खरं नाही. पण मालक हे वाक्य कशालाही लावत. न्हाव्याच्या मुलीचं लग्न ठरलं, मार्चमध्ये बघू. पोस्टमनचं पोटाचं ऑपरेशन नीट झालं, मार्चमध्ये बघू. चांगली बातमी त्यांच्यापुढे न्यावीशीच वाटत नसे. त्यांची बायको फार पूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं, आणि दुकान काढण्याआधी मोटारीच्या कारखान्यातून त्यांना तीनदा घरी बसवलं होतं, एवढंच मला न्हाव्याकडून कळलं होतं. ते स्वतः काही बोलले नाहीत.

त्या हिवाळ्यात दुकानाच्या वरच्या खोलीत सतरा नंबर राहायला आला. कॅनडातल्या गव्हाच्या मुलखातला, खांदे दारात न मावणारे, बोलणं मात्र शाळेतल्या मुलासारखं हळू. तिसऱ्या फळीत खेळायचा. तिसरी फळी म्हणजे गोल करायला नाही, दुसऱ्याचे अडवायला. वर्षानुवर्षं पूर्वेकडच्या एका लहान गावातल्या खालच्या टीममध्ये खेळत होता, डिसेंबरात त्याला वर बोलावलं. अशा माणसाला कधीही परत पाठवतात. म्हणून त्यांच्यात एक रीत होती. स्वतः होऊन घर भाड्याने घ्यायचं नाही. कोच एक दिवस जवळ बोलावून म्हणतो, "घर बघ." ते ऐकलं की समजायचं आपण राहिलो. तोवर हॉटेल, नाहीतर अशी आठवड्याच्या बोलीची खोली.

त्याची बायको आणि पाच महिन्यांची मुलगी तिकडे बायकोच्या माहेरी होत्या. दर रविवारी मॅच नसली तर तो दुकानातला फोन वापरायचा. आम्ही रविवारी अर्धा दिवस काम करायचो, म्हणून मला ऐकू यायचं. "अजून नाही. नाही, अजून काही म्हणाला नाही... बसायला लागली? एकटी? उशी न लावता?" मग बराच वेळ नुसता ऐकत राहायचा. आपल्या बाळाचं बसणं फोनवरून ऐकत होता बिचारा.

मी त्याला डबा द्यायला लागले. पोळी-भाजी, कधी मऊ भात-वरण. पोळी तो गुंडाळी करून दोन घासांत संपवायचा आणि डबा घासून परत आणायचा. "मॅम, ते पिवळं फार छान होतं." साधं वरण हो ते!

पोस्टमन आणि न्हावी यांचं एरवी कशावर जमायचं नाही, पण सतरावर जमलं. "या सगळ्या टीमला मन लावून खेळणारा एकच आहे," पोस्टमन म्हणायचा. "त्याला ठेवतील. ठेवावाच लागेल." न्हावी म्हणायचा, "खाली पाठवायला ते काय वेडे आहेत?" त्यावर मालक एकदा म्हणाले, "मन लावून काम करणाऱ्यालाच आधी पाठवतात. तो भांडत नाही." आणि सतराच्या पट्टीला त्यांनी धावदोरा घातला.

मला तो धावदोरा टोचत राहिला.

आणि त्यातच एक शुक्रवार आला. हे दुपारीच घरी आले. हातात जेवणाची कागदी पिशवी, आणि पिशवीत डबा नाही. यांच्या कामाच्या टेबलावर पितळेची नावाची पट्टी होती, तीच तेवढी. बाकी सगळं तिथेच ठेवून आले. मला म्हणाले, "अगं, स्क्रू दोनच होते. एका मिनिटात निघाली." आणि हसले. पंचवीस वर्षं संसार केला होता, असं हसणं मी त्यांचं बघितलं नव्हतं.

सोमवारी टीमचे नवे शर्ट आले. जुने फाटून फाटून विटले होते, सगळ्या पट्ट्या नव्यांवर लावायच्या होत्या. मालक दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. जाताना यादी ठेवून गेले, नंबरापुढे प किंवा क अशा अर्थाची त्यांची खूण. सतरापुढे कच्चा.

मी पट्टी शर्टावर ठेवली, टाचण्या लावल्या. सुईत दोरा ओवला, आणि परत काढून ठेवला. माझ्या हातून होईना. माणूस अजून खेळतोय, वर झोपलाय, त्याचं नाव काढायला सोपं जावं म्हणून मी आत्तापासून सैल शिवू? मी मशिनवर घेतलं आणि दुहेरी टाका घातला. चारी बाजूंनी. कोपऱ्यांना तिसऱ्यांदा. कोणाला कळणार आहे, असं मनाशी म्हटलं.

जणू मला ठाऊकच नव्हतं की पट्टी उचकून बघायची खोड नुसती गिऱ्हाइकांना नाही, खेळाडूंनाही आहे.

बुधवारी तो जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरत आला. मालक काउंटरवर होते. त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "मी टाका बघितला," म्हणाला. "कोच काही बोलत नाही. पण तुम्ही... तुम्ही कधी चुकला नाहीत असं सगळे म्हणतात. मी तिला फोन केला. येते म्हणाली. आठवड्याने निघेल, गाडीने. मी घर बघितलं, सही केली."

मालकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी सुईत दोरा ओवत होते. तो ओवलेलाच होता.

मला वाटलं, आता सांगतील. सांगायला हवं होतं. त्यांनी आपला हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "बाहेर जाताना कोट घाल. गारठा आहे."

पुढचे दहा दिवस मालक मला ओळखू येईनात. एकाही शब्दाने मला बोलले नाहीत. पण शर्टांची पिशवी आली की आधी सतरा शोधायचे, खिडकीशी न्यायचे, बराच वेळ बघायचे. रेडिओ लागला की भिंतीकडे तोंड न करता रेडिओकडे करून बसायचे. एकदा न्हाव्याने विचारलं, "काय मालक, देवबिव मानायला लागलात की काय?" तर चिडले नाहीत.

अकराव्या दिवशी सकाळी कपडे सांभाळणाऱ्याचा फोन आला. मालकांनी ऐकलं, "हं" म्हणाले आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने सतराचा शर्ट आला. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला, त्यावर उसवणी ठेवली, माझ्या मशिनवरचा दिवा लावला आणि शेजारी स्टूल ओढून बसले.

मी उसवायला लागले. दाट टाका उसवणं म्हणजे काय ते शिवणाऱ्यालाच विचारा. एकेक टाका कापायचा, एकेक ओढायचा. कोपऱ्याशी आले तेव्हा कापड टर्रकन फाटलं.

"थांबा," मालक म्हणाले. त्यांनी शर्टाची उजवी बाही उलटली. "हे बघा मनगट. स्वच्छ. आता डावं बघा." डाव्या मनगटाला काठीवर गुंडाळलेली काळी चिकटपट्टी घासून घासून डाग पडला होता. "ख्रिसमसपासून असंच आहे. उजवा खांदा गेलाय त्याचा. लपवतोय. एका हाताने खेळतोय."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही त्याला डबा देता, मिसेस. डबा देणाऱ्याच्या तोंडावर सगळं दिसतं." मग चष्मे काढून पुसायला लागले. "आणि इथे कोणी बोललं असतं तर पोस्टमन ते घरोघर वाटत गेला असता. त्याचा जानेवारीही गेला असता. मला वाटलं, मार्चपर्यंत ओढेल."

मी फाटलेला कोपरा बघत बसले होते.

"लोक म्हणतात मी टाक्याने भविष्य सांगतो," ते म्हणाले. "मी काही सांगत नाही. पक्की पट्टी काढली की भोकं राहतात. पुढच्या माणसाने दुसऱ्याची भोकं पाठीवर का वागवायची? त्याला स्वतःची येतीलच."

कोपऱ्याला रफू त्यांनीच केलं. पण भोकं कशी जाणार? सतराचं नाव लांबलचक होतं, नव्या माणसाचं आखूड. नव्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना भोकांची रेघ उरलीच. पुढे टीव्हीवर मॅच लागली की मी हातातलं काम ठेवून तो नवा सतरा पाठ कधी फिरवतो याची वाट बघायची. यांना दिसत नसे. मला दिसायची.

सतरा त्याच दिवशी विमानाने खालच्या टीमकडे गेला. त्याची बायको तेव्हा रस्त्यात होती. मोबाइल कुठले त्या वेळी! दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानापुढे लांबुळकी गाडी थांबली. टपावर पाळणा बांधलेला, त्यावर बर्फाचा थर. मुलीला कडेवर घेऊन ती आत आली आणि हसून म्हणाली, "मीच ती."

मालकांनी सांगितलं तिला. मी मागे मशिनपाशी होते. ती रडली वगैरे काही नाही. मुलीची टोपी काढली, घातली, परत काढली. मग म्हणाली, "तो म्हणाला, तुम्ही पक्कं शिवलंत."

"हो," मालक म्हणाले. "मीच शिवलं. दोन चष्मे लावतो, तरी दिसत नाही आता. चूक झाली."

मी पुढे जायला हवं होतं. चार पावलांचं अंतर होतं. मी मशिन चालू केलं, बाई. मशिनखाली कापडसुद्धा नव्हतं.

घेतलेलं घर तिथल्या घरमालकाशी बोलून न्हाव्याने सोडवून दिलं. तिकडे नवऱ्याला खोली मिळेतो ती वरच राहिली, तीन आठवडे. आणि त्या तीन आठवड्यांत मी जे ऐकलं ते आयुष्यात विसरणार नाही. अकराची सभा भरली. पोस्टमनने सुरुवात केली, "काल पुन्हा हरले, तिसऱ्या फळीने तर..."

मालक मोठ्या आवाजात म्हणाले, "तिसऱ्या फळीत जागा होणार आहे. एकवीसचा गुडघा बरा दिसत नाही. आठवड्याभरात कोणालातरी वर बोलवावं लागेल."

पोस्टमन बघतच राहिला. "मालक, बरं आहे ना? इतक्या वर्षांत तुम्ही कोणाबद्दल चांगलं..."

मालकांनी नुसते डोळे छताकडे केले. वर मूल रांगायला शिकत होतं, फळ्या वाजत होत्या. न्हाव्याला आधी समजलं. तोही ओरडला, "खरं आहे! आणि कोच म्हणे खालच्या टीमच्या मॅच बघायला जाणार आहे!"

"अच्छा!" पोस्टमनही ओरडला. "मी पण ऐकलंय!"

मग रोज तेच. तिघे म्हातारे छताकडे तोंड करून खोटं बोलायचे. पडणारी टीम त्यांनी चढवली, बरे गुडघे मोडले, जो येईल तो गव्हाच्या मुलखातलाच हवा असं ठरवलं. ज्या माणसाने कोणाला एका वाक्याचा धीर दिला नाही, तो रोज सकाळी अंडं खायचं सोडून धीर शिजवत होता. मला हसू यायचं, आणि मग यायचं नाही.

एक दिवस ती मुलीला घेऊन खाली आली. मुलीला तिने काउंटरवर बसवलं, कॉफी ओतून घेतली आणि म्हणाली, "माझे वडील हॉकी खेळायचे. भाऊ खेळतो. तिसरी फळी म्हणजे काय ते मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. तुम्ही नेहमीसारखं बोला हो. खोटं बोलताना तुमचा आवाज फार मोठा होतो, मूल उठतं."

काउंटरवर बसलेल्या मुलीने मालकांचं अंडं उचललं. शेवटी मालक घसा खाकरून म्हणाले, "एकवीसचा गुडघा ठणठणीत आहे."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

मार्च यायच्या आत ती गेली. सतराच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, पण तो पुन्हा वर आला नाही. पुढच्या वर्षी खालीही नव्हता. सासऱ्यांच्या शेतावर गेला असं कळलं. ख्रिसमसला तिचं कार्ड यायचं, मालकांच्या नावाने. एकाही कार्डात त्या टाक्याचा उल्लेख नसे. त्यामुळे मी ते दोनदा वाचायची.

यांना दीड वर्षाने दुसरीकडे काम मिळालं, कमी प्रतीचं. पितळेची पट्टी मी नव्या टेबलासाठी डब्यात घालून दिली होती. यांनी ती परत आणली. "राहू दे घरी," म्हणाले.

टीमचं काम दशक संपता संपता एका मोठ्या कंपनीकडे गेलं. नावं यंत्राने चिकटवायला लागले. मालकांनी दुकान आवरायला काढलं. त्यानंतर एक हिवाळा ते जगले. मशिनं गिऱ्हाईक बघून विकायची होती. दोन गेली, माझं राहिलं होतं. दुकान आवरायच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझ्यापुढे एक शर्ट ठेवला. आमच्या टीमचा, पण एवढासा, शाळेतही न जाणाऱ्या पोराच्या मापाचा. पाठीवर सतरा.

"पोरगी स्केटिंग शिकतेय," ते म्हणाले. "कार्डात फोटो होता."

मग लांबलचक पट्टी ठेवली. अक्षरं त्यांनी आदल्या दिवशीच लावली होती. त्या छोट्या पाठीवर ती या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत पुरली. माझा हात सवयीने सुईकडे गेला. त्यांनी सुईचा डबा बाजूला सरकवला आणि मशिनवरचा दिवा लावला.

"हा तुमच्या टाक्याने शिवा, मिसेस."

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल ते पहिल्यांदा बोलले. मी दुहेरी घातला. चारी बाजूंनी. कोपऱ्यांना तिसऱ्यांदा. मालकांनी शर्ट उजेडात धरला, पट्टीच्या काठाखाली अंगठ्याचं नख घालून बघितलं. नख गेलं नाही. त्यांनी शर्ट घडी करून कागदात बांधला, आणि पत्ता लिहायला पोस्टमनकडे दिला. तो पिशवी खांद्यावर घेऊन उभाच होता.

मी मालकांकडे बघत होते. त्यांचं ते ठरलेलं वाक्य यायची वेळ झाली होती. ते काही बोलले नाहीत.

पोस्टमनने पाकीट हातावर तोलून बघितलं. "कॅनडा ना?" तो म्हणाला. "मार्चच्या आत पोचेल."